वसणे आणि वसविणे : नगररचनेचे व पोलिसी बंदोबस्ताचे संगणकीय खेळ

१

मराठीत ‘गाव वसणे’ आणि ‘गाव वसविणे’ ही दोन क्रियारूपे शेजारी-शेजारी नांदत आली आहेत. पहिले अकर्मक, दुसरे प्रयोजक. पहिल्यात गाव हाच कर्ता. दुसऱ्यात गाव कर्म होते आणि कर्तेपण राजा, जमीनदार वा सरकार यांच्याकडे जाते. ‘गाव उठणे’ व ‘गाव उठविणे’ ही जोडी याच जातीची. एखादे गाव साथीमुळे वा दुष्काळामुळे उठले, असे आपण म्हणतो. धरणासाठी, खाणीसाठी किंवा अभयारण्यासाठी मात्र ते उठविले जाते. वरवर पाहता हा एका प्रत्ययाचा प्रश्न आहे. परंतु त्या प्रत्ययात एका पक्षाचे बोलणे आणि दुसऱ्या पक्षाचे गप्प राहणे साठविलेले असते, हे ध्यानी घेतल्यास त्याचे महत्त्व केवळ व्याकरणापुरते राहत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर हलका वाटण्याजोगा आहे. संगणकावर नगरे उभारण्याचे खेळ, आणि प्रचलित खेळांत खेळाडूंनीच फेरफार करून तयार केलेले पोलिसी खेळ, यांचा आस्वाद आज हजारो तरुण घेतात. अशा फेरफारांस ‘मॉड’ म्हणतात. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील तरुणही या आस्वादास पारखे नाहीत. आणि या दोन जिल्ह्यांत नगर कोणी वसवावे, जंगल कोणाचे, पोलीस ठाणे कोठे उभे राहावे, हे प्रश्न खेळातले नसून रोजच्या जीवनातले आहेत. म्हणूनच या खेळांची चिकित्सा या प्रदेशाच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरेल. चिकित्सेचे साधन वर सांगितलेल्या क्रियारूपांचेच आहे. प्रश्न एवढाच की, या खेळांत कोण कोणाशी बोलतो, आणि ज्याच्याशी बोलले जाते त्यास उलट बोलता येते काय?

२

प्रथम आनंदाचा विचार करावयास हवा. कारण ज्याचा आनंद समजून घेतला नाही, त्या कृतीची समीक्षा केवळ उपदेश होऊन बसते.

हे खेळ आपल्या परंपरेस अगदी परके आहेत असे नाही. भातुकलीत संसार मांडला जातो, दिवाळीच्या मातीच्या किल्ल्याखाली गाव, विहीर व शेत रचले जाते. लहान आकारात जग आपल्या हाताने मांडण्याचे सुख तेथे आहेच. ‘राजा, राणी, चोर, शिपाई’ या चिठ्ठ्यांच्या खेळात पोलिसी भूमिकेचे बीज आहे. तथापि त्या खेळाचे एक वैशिष्ट्य विसरता येत नाही. तेथे शिपाईपण चिठ्ठीने मिळते आणि पुढच्या डावात जाते. शिपायाने चोर चुकीचा ओळखला तर गुण त्याचेच जातात, आणि ज्याच्यावर आळ आला तो समोर बसलेला सवंगडी हसून ‘मी नव्हेच’ असे म्हणू शकतो.

संगणकीय नगरखेळाचा आरंभ १९८९ च्या ‘सिमसिटी’पासून मानला जातो. त्याचा कर्ता विल राइट हा आधी ‘रेड ऑन बंगेलिंग बे’ (१९८४) नावाचा खेळ तयार करीत होता. त्यात हेलिकॉप्टरमधून बेटांवर बॉम्ब टाकावयाचे असत. ती बेटे आखण्यासाठी त्याने जे साधन तयार केले होते, त्यात त्याचे मन अधिक रमू लागले. उद्ध्वस्त करण्यापेक्षा मांडणे अधिक गोड वाटले, आणि त्यातून नगरखेळाची कल्पना निघाली. या कल्पनेस शास्त्रीय बैठक मिळाली ती जे फॉरेस्टर या अभियंत्याच्या १९६९ मधील नगरविषयक ग्रंथाची. नगर म्हणजे परस्परावलंबी राशींची यंत्रणा, एक राशी वाढली की दुसरी घटते, असा त्या ग्रंथाचा विचार होता.

या खेळाच्या आनंदाची मीमांसा करताना बा. सी. मर्ढेकरांनी सांगितलेल्या लयतत्त्वाची आठवण होणे साहजिक आहे. संवाद, विरोध व समतोल या तीन संबंधांनी कलाकृतीत लय निर्माण होते, असे त्यांचे प्रतिपादन. नगरखेळाचे सुख मुख्यतः समतोलाचे आहे. वस्ती वाढली की रस्ता अपुरा पडतो, रस्ता वाढविला की कर वाढवावा लागतो, कर वाढविला की वस्ती आटते. हा तोल साधता साधता रात्र कशी सरली हे खेळणाऱ्यास कळत नाही. विरोधाची जागा आग, पूर, भूकंप आणि क्वचित एखादा अजस्र राक्षस यांनी भरून निघते. यात कारागिरीचे खरे समाधान आहे, आणि ज्याच्या घरासमोरील गटार वर्षानुवर्षे तुंबलेले आहे त्या तरुणाला पडद्यावर तरी सुरळीत वाहणारे नगर उभे करावेसे वाटले, तर त्यास पळवाट म्हणून हिणविणे न्याय्य होणार नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. येथे विरोध निसर्गाकडून येतो, राशींकडून येतो. नागरिकाकडून येत नाही.

३

आता या खेळाच्या व्याकरणाकडे वळू.

नवा डाव सुरू होतो तेव्हा पडद्यावर नदी, मोकळी जमीन आणि झाडी एवढेच दिसते. गाव नसते, पाऊलवाट नसते, नाव नसते. मूळ ‘सिमसिटी’त झाडीचा एक चौकोन साफ करण्यास एक डॉलर पडे, पोलीस ठाण्यास पाचशे, आणि कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रास तीन हजार. या खेळाची संहिता २००८ मध्ये ‘मायक्रोपोलिस’ या नावाने सर्वांसाठी खुली झाली. तीत झाडीचा हिशेब कसा मांडला आहे हे स्पष्ट दिसते : झाडी आणि पाणी जवळ असल्यास जमिनीची किंमत वाढते. झाडीचा उल्लेख जमिनीच्या भावातील एक बेरीज म्हणून येतो. झाडीत कोणी राहत असेल ही शक्यता त्या गणितात मावत नाही. २०१५ मध्ये फिनलंडच्या कलॉसल ऑर्डर या संस्थेने काढलेल्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’ या खेळात चित्र पुष्कळच सुंदर झाले. डोंगर, धुके आणि हजारो झाडे त्यात आली. परंतु रस्त्याची रेघ जंगलातून ओढताच वाटेतील झाडे निमूट नाहीशी होतात.

ज्या भूभागाचे नावच ‘झाडीपट्टी’ आहे तेथील वाचकास हे व्याकरण खटकल्याशिवाय राहणार नाही. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात झाडी ही मोकळी जागा नसून पत्ता आहे. तेथील बोलीस झाडीबोली म्हणतात, तेथील रंगभूमीस झाडीपट्टीची रंगभूमी म्हणतात. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग वनाच्छादित आहे. आणि त्या वनात गोंडी, माडिया, मराठी, तेलुगू, छत्तीसगढी व बंगाली बोलणारी माणसे राहतात. एटापल्ली, आलापल्ली या नावांतील ‘पल्ली’ हा द्राविडी भाषांतील गाववाचक शब्द आहे. नकाशावर ज्याला नाव आहे ती जागा कोणीतरी कोणाला तरी हाक मारून सांगितलेली असते. खेळातील भूमीला मात्र पहिले नाव खेळाडूच देतो.

नगराच्या आखणीविषयी चंद्रपुरात, म्हणजे पूर्वीच्या चांद्यात, एक आख्यायिका सांगतात. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीस गेला असता एक ससा त्याच्या कुत्र्याच्या पाठीस लागलेला दिसला. कुत्रा पळतो आणि ससा पाठलाग करतो, हे नवल राजाने राणीस सांगितले. तिच्या सल्ल्यावरून ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर नगराचा तट बांधण्यात आला. इतिहास म्हणून या कथेचे मूल्य काय, हा वेगळा प्रश्न. कल्पना म्हणून ती अर्थपूर्ण आहे. नगर वसविणारा राजा येथे आपली रेघ ओढीत नाही. आधी कोणीतरी दुबळा प्राणी उलटून उभा राहतो, आणि त्याच्या पावलांवरून नगराची सीमा ठरते. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या दरवाजांच्या आत आजही ज्या गल्ल्या आहेत, त्यांच्या मागे लोककल्पनेने आखणीची पाटी न ठेवता एक प्रत्युत्तर ठेवले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो बळकट आहे. नगरखेळात खेळाडू घरे स्वतः बांधीत नाही. तो केवळ क्षेत्र राखतो. माणसे आपण होऊन येतात किंवा येत नाहीत. प्रदूषण वाढले, कर वाढला, तर घरे ओस पडतात. म्हणजे ‘वसणे’ आणि ‘उठणे’ ही अकर्मक क्रियापदे खेळात आहेतच. मग प्रत्युत्तर नाही असे कसे म्हणावे?

आक्षेप मान्य करूनही एक उणीव शिल्लक राहते. खेळातील नागरिकास येण्याचे स्वातंत्र्य आहे, जाण्याचेही आहे, राहण्याचे नाही. त्याच्या घरावरून रस्ता नेण्याचे ठरले की घर पडते. ‘आम्ही उठणार नाही’ हे वाक्य त्यास उच्चारता येत नाही. ‘सिमसिटी’त महापौराच्या कारभाराविषयी नागरिकांचे मत टक्केवारीत दिसते, ‘स्कायलाइन्स’मध्ये एक निळा पक्षी नागरिकांचे बोल सतत कानी घालतो. परंतु टक्केवारी वा पाखराची किलबिल यांमुळे एकाही वास्तूची आखणी अडत नाही. शिवाय त्या पक्ष्याचा त्रास वाटून त्याला नाहीसे करणारे मॉड खेळाडूंनी लवकरच तयार केले, ही गोष्ट समीक्षकाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे. नागरिकांचा जो अर्धामुर्धा आवाज होता, तोही आनंदाच्या आड येऊ लागला.

४

या ‘नाही’ची किंमत गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाच्या उदाहरणावरून नीट कळते. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वसहमती होईपर्यंत चर्चा चालते. म्हणजे एका माणसाचे ‘नाही’ हे तेथे मोजून बाजूस टाकण्याचे मत नसून ऐकून घेण्याचे वाक्य आहे. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्यानुसार २००९ मध्ये या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गावांत त्याची गणना होते. हक्क मिळूनही बांबूच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यावयाचा हा वाद राहिलाच. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

या गावाची घोषणा सर्वपरिचित आहे : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ भाषाभ्यासकास तीतील सर्वनाम विशेष लक्षणीय वाटेल. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे दोन प्रकार आहेत. ‘आपण’मध्ये श्रोता समाविष्ट असतो, ‘आम्ही’मधून तो वगळलेला असतो. म्हणून ‘आम्ही’ म्हणणाऱ्यासमोर कोणीतरी ‘तुम्ही’ उभा असावाच लागतो. ही घोषणा एकट्याने केलेली गर्जना नव्हे. ते कोणालातरी दिलेले उत्तर आहे. पहिल्या अर्धात दूरचे सरकार परके नसून आमचे आहे असे मान्य केले आहे, आणि दुसऱ्या अर्धात ‘आम्हीच’मधील निपाताने सीमा घातली आहे. नगरखेळाच्या भाषेत ‘आपण’ नाही आणि ‘आम्ही’ही नाही. तेथे एकच अनुच्चारित ‘मी’ आहे, आणि त्याच्या पुढे सर्व जग तृतीयपुरुषी आहे.

चंद्रपूरच्या बाजूने पाहिले तर खेळातील तीन हजारांच्या वीजकेंद्राचे प्रत्यक्ष रूप दिसते. तेथील महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. सभोवती कोळशाच्या खाणी आहेत आणि थोड्या अंतरावर ताडोबा-अंधारीचे व्याघ्रवन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी क्रमवारी केली तीत चंद्रपूरचे स्थान पहिल्या पाचांत होते. खेळात वीजकेंद्राभोवती प्रदूषणाचा काळा डाग पसरतो, हे खेळाच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. तेवढा भाग तो खरा शिकवितो. परंतु डागाखाली राहणारा माणूस खेळात एकतर राहतो वा जातो. खोकत खोकत अर्ज लिहिणारा, सुनावणीस हजर राहणारा आणि तरीही तेथेच राहणारा माणूस त्या हिशेबात बसत नाही. चंद्रपूर हे नगर मात्र अशाच माणसांचे आहे.

५

नगरखेळातून पोलीसखेळाकडे जाण्याची वाट नगरखेळातच आहे. मायक्रोपोलिसच्या संहितेत गुन्हेगारीचे गणित असे मांडले आहे : १२८ मधून जमिनीची किंमत वजा करावी, त्यात लोकवस्तीची दाटी मिळवावी, आणि पोलीस ठाण्याचा प्रभाव वजा करावा. ठाण्यास वीज नसेल तर प्रभाव निम्मा, रस्ता नसेल तर आणखी निम्मा. या सूत्राप्रमाणे गुन्हा म्हणजे स्वस्त जमिनीवरील दाट वस्ती. गुन्हेगार नाही, फिर्यादी नाही, कारण नाही. पोलीस ही एक वजाबाकी आहे. सूत्र म्हणून ते सोईचे असेल. पण गरिबांच्या वस्तीकडे पाहण्याची एक दृष्टी त्यात न बोलता रुजविली जाते, हे सांगितलेच पाहिजे.

पोलिसी मॉड या वजाबाकीस देह आणि गणवेश देतात. यांतील सर्वांत प्रसिद्ध ‘एलएसपीडीएफआर’ हा मॉड ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेच्या पाचव्या खेळावर उभा आहे. मूळ खेळ २०१३ चा; संगणकावर तो २०१५ मध्ये आला. मूळ खेळात गाड्या चोरणे, पोलिसांना चकविणे यांतच रस भरलेला. मॉडमध्ये सर्व उलटे होते. खेळाडू गणवेश चढवितो, गस्त घालतो, वेगाने जाणारी गाडी थांबवितो, परवाना मागतो, दंडाची पावती करतो, गरज पडल्यास अटक करून कुमक बोलावितो. ज्या खेळात तांबडा दिवा ओलांडण्यास कोणतीच आडकाठी नाही, तेथे असंख्य खेळाडू आपण होऊन दिव्यापाशी थांबतात. नियम मोडण्यासाठी रचलेल्या नगरात नियम पाळण्याचा हा आनंद खरोखर विस्मयजनक आहे, आणि तरुण पिढीस केवळ हिंसेचीच गोडी आहे असे म्हणणाऱ्यांनी त्याचा विचार करावयास हवा. भारतीय खेळाडूंनी या खेळात बोलेरो, स्कॉर्पिओ अशा आपल्याकडच्या पोलिसी गाड्या आणल्या आहेत. परक्या नगरात ओळखीची गाडी वळताना पाहणे यात आपलेपणाचे सुख आहे, हेही नाकारता येत नाही.

पण गाडी आली म्हणजे ठाणे आले असे नाही. मॉडची भाषा बिनतारी यंत्रावरील इंग्रजी शब्दांची आहे : कॉलआउट, सस्पेक्ट, परसूट, बॅकअप. हे सर्व शब्द पोलिसांनी पोलिसांशी बोलावयाचे आहेत. याउलट मराठी ठाण्याचा शब्दसंग्रह पाहावा. ‘फिर्याद’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ मदतीसाठी केलेला आक्रोश. ‘खबर’ म्हणजे कोणीतरी आणलेली वार्ता. ‘पंचनामा’ पंचांवाचून होत नाही. पोलिसाने पाहिलेले बाहेरच्या माणसांनीही पाहिले पाहिजे, हे त्या शब्दातच सांगितले आहे. आणि साक्षीदाराच्या निवेदनास आपण ‘जबाब’ म्हणतो. ‘जबाब’ म्हणजे उत्तर. त्यापासूनच ‘जबाबदार’ हा शब्द झाला : जो उत्तर देण्यास बांधलेला आहे तो. मराठीत जबाबदारीची कल्पनाच प्रत्युत्तराच्या कल्पनेतून निघाली आहे. कायद्यानेही हेच मानले आहे. तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती देणाऱ्यास वाचून दाखविली पाहिजे, हे बंधन १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. माडिया बोलणाऱ्या स्त्रीची खबर मराठीत लिहिली जाते आणि मराठीतच वाचून दाखविली जाते, तेव्हा त्या बंधनाचे काय उरते, हा गडचिरोलीतील पोलीसव्यवहाराचा कळीचा प्रश्न आहे. मॉडमध्ये तो उद्भवत नाही. कारण तेथे थांबविलेल्या माणसाची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असतात.

मॉडमधील संशयित पळून जातो, प्रसंगी गोळीही झाडतो. मग तेथे विरोध नाही कसा, असे विचारता येईल. विरोध आहे, पण पळणे हे उत्तर नव्हे. ‘मी हे केले नाही’ असे म्हणून तो खेळाडूस विचारात पाडीत नाही. चिठ्ठ्यांच्या खेळातील शिपायास जी धास्ती असते, आपण चुकलो तर काय, ती येथे सहसा वाट्यास येत नाही.

६

गडचिरोलीत ठाणे उभे राहण्याची क्रिया अलीकडे खेळाच्या फार जवळ गेल्यासारखी दिसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यातील वांगेतुरी येथे चोवीस तासांत पोलीस मदत केंद्र उभारण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये गर्देवाडा, डिसेंबर २०२४ मध्ये भामरागड तालुक्यातील पेनगुंडा आणि मार्च २०२५ मध्ये कवंडे येथे तसेच घडले. तयार खोल्या, जनित्र, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, दूरध्वनीचा मनोरा, संरक्षक मोर्चे, हे सर्व एका दिवसात. पडद्यावर एका टिचकीसरशी उमटणाऱ्या ठाण्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु या वेगामागे खेळातील सहजता नसून तिच्या उलट असे भय आहे. बांधकाम रेंगाळले तर त्यावर हल्ला होईल, हा दीर्घ अनुभव त्यामागे आहे. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. खेळात पडलेला पोलीस पुन्हा उभा राहतो. येथे सोळा घरांतील माणूस परत आला नाही. १९९० मध्ये स्थापन झालेल्या सी-६० पथकात जिल्ह्यातीलच, येथील बोली जाणणारे तरुण घेतले गेले, ही गोष्टही भाषेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वनातील बंदोबस्तास प्रभावाचे वर्तुळ पुरत नाही, तेथली भाषा लागते, याची ती कबुली होय.

त्याच पोलीस दलाने गावकऱ्यांना दाखले व शासकीय योजना मिळवून देण्यासाठी जी व्यवस्था केली, तिचे नाव ‘दादालोरा खिडकी’ असे ठेवले. ‘दादालोरा’ म्हणजे भावाची. नातेवाचक शब्दाने संबोधिले की ऐकणाऱ्याला नात्याचा हक्कही दिला जातो. भावाकडे मागता येते, भावावर रुसता येते, भावास ‘नाही’ म्हणता येते. हा हक्क त्या खिडकीशी प्रत्यक्षात किती चालतो हे गावकऱ्यांनीच सांगावयाचे आहे. परंतु नावाने तो मान्य केला आहे, आणि एकदा उच्चारलेला शब्द उच्चारणाऱ्यासही बांधून ठेवतो. सुरजागड परिसरातील खाणींच्या विरोधात २०२३ मध्ये तोडगट्टा येथे ग्रामस्थ महिनोन्‌महिने बसून होते. ‘उठणार नाही’ हे जे वाक्य खेळातील नागरिकास उच्चारता येत नाही, ते येथे देहाने उच्चारले गेले. खाण व्हावी की न व्हावी, याविषयी मतभेद असू शकतील. पण ज्या व्यवस्थेत ते वाक्य उच्चारण्यासच जागा नाही, तीत खाणीच्या बाजूचे म्हणणेही सिद्ध होत नाही. ते केवळ अमलात येते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. जिल्ह्याच्या दीर्घ रक्तपाताचा शेवट जवळ आल्याची आशा त्यामुळे वाढली आहे. बंदुकीचा प्रश्न मागे पडू लागला की वसविण्याचा प्रश्न पुढे येतो. रस्ते, खाणी, कारखाने, वसाहती यांच्या रेघा या वनावर आता अधिक वेगाने ओढल्या जातील. आणि त्या ओढणाऱ्या हातांपैकी काही हात आज नगरखेळात रमलेल्या तरुणांचे असतील. प्रस्तुत विषयाचे गांभीर्य यातच आहे. खेळाने कोणी अत्याचारी होतो, असे विधान करण्यास आधार नाही आणि ते येथे अभिप्रेतही नाही. अभिप्रेत आहे ती सवय : जमीन आधी रिकामी असते, झाडी हा भाव असतो, ठाणे ही वजाबाकी असते, आणि समोरचा माणूस आकडा असतो, असे पाहण्याची सवय.

७

खेळ हा अखेर खेळ. त्याच्याकडे ग्रामसभेची अपेक्षा करणे म्हणजे बुद्धिबळातील प्याद्याने युद्धास नकार द्यावा असे म्हणण्यासारखे आहे, असा शेवटचा आक्षेप घेता येईल. उत्तर असे की, बुद्धिबळ आपण राज्य कसे चालते ते दाखवितो असा दावा करीत नाही, आणि त्यात समोर दुसरा खेळाडू बसलेला असतो. नगरखेळ मात्र नगर कसे चालते याचे प्रतिरूप म्हणून पुढे येतो. प्रतिरूपाची परीक्षा मूळ वस्तूशी ताडूनच करावी लागते.

शिवाय ही उणीव खेळाडूंनाच जाणवली आहे असे दिसते. पोलिसी मॉडचे रसिक कालांतराने एकट्याच्या डावास कंटाळून अनेकांनी मिळून खेळण्याच्या भूमिकाप्रधान डावांकडे वळतात. तेथे फिर्यादी, आरोपी, वार्ताहर, वकील या सर्व भूमिका खरीखुरी माणसे घेतात. थांबविलेल्या गाडीतील माणूस तेथे हुज्जत घालतो, खोटे बोलतो, दयेची याचना करतो, वरिष्ठांकडे तक्रार करीन असे बजावतो. पोलीस झालेल्या खेळाडूस तेथे प्रथमच जबाब ऐकावा लागतो, आणि त्यामुळे डाव बिघडत नाही, उलट रंगतो. नागरिकाचा आवाज बंद करणारे मॉड आणि नागरिकास माणूस करणारे डाव, या दोन्ही प्रवृत्ती एकाच रसिकवर्गात आहेत. समीक्षेने त्यांतील दुसरीचे मोल ओळखावे.

यावरून अशा खेळांच्या परीक्षणास एक साधी कसोटी लावता येईल. चित्र किती हुबेहूब आहे, गाडीवरची पट्टी किती खरी आहे, यावर खेळाचा खरेपणा ठरवू नये. त्यात ‘नाही’ म्हणणारा कोणी आहे काय, आणि त्या ‘नाही’मुळे खेळाडूस आपली रेघ वळवावी लागते काय, हे पाहावे. मॉड ही खेळाडूच्या हातातील लेखणी आहे. गडचिरोली येथे २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे; याच दोन जिल्ह्यांतील विद्यार्थी तेथे भाषा शिकतात आणि संगणकही शिकतात. ज्या नगरखेळात झाडीच्या प्रत्येक तुकड्यास आधीच नाव असेल, जेथे रस्त्याची रेघ ग्रामसभेपाशी येऊन थांबेल आणि चर्चा संपेपर्यंत पुढे सरकणार नाही, असा मॉड त्यांनी तयार केला, तर तो खेळ कठीण होईल, संथ होईल. परंतु त्यात उभे राहिलेले गाव वसविलेले असूनही वसलेले असेल.